शेटलंडला लेस शिकायला जाताय? मग टाके घरीच शिकून जा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या बरीच वर्षं स्वेटर, कानटोप्या, बाळंतविडे विणतात. लेक-जावई स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला असतात आणि पुढच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात ताईंचा तिथे मुक्काम आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या शालींची जाळी, म्हणजे लेस, तिथल्याच बायकांकडून शिकायची त्यांची इच्छा आहे. शेटलंड वूल वीकला, म्हणजे तिथल्या विणकामाच्या सोहळ्याला जावं का, कार्यशाळा कोणती निवडावी, आधी काय काय यायला हवं आणि परत आल्यावर ही विद्या हातात कशी राहील, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, जरूर जा. शेटलंडची बोट ॲबर्डीनहूनच सुटते. संध्याकाळी निघाली की रात्रभर उत्तर समुद्रातून जाते आणि सकाळी शेटलंडच्या मुख्य गावी, लर्विकला लागते. लोकांना आधी लंडन, मग स्कॉटलंड, मग बोट असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. तुम्ही लेकीच्या घरून डबा घेऊन निघू शकता. सप्टेंबरअखेर समुद्र खवळलेला असू शकतो, वाऱ्यामुळे बोट लांबते किंवा रद्दही होते. म्हणून पहिला वर्ग पोहोचायच्या दिवशीच ठेवू नका. बोट लागण्याचं औषध सोबत असू द्या.

पण जाताना एक ठरवून जा: तिथे टाके शिकायचे नाहीत. शेटलंडच्या लेसला लागणारे टाके तुम्हाला आजच येतात. सुलट, धागा पुढे घेणं, दोनाचा एक करणं, तिनाचा एक करणं. बस. एवढ्यावर त्या बेटांवरच्या बायकांनी लग्नाच्या अंगठीतून आरपार जाणाऱ्या शाली विणल्या. अवघड आहे ते पुढचं: सुईवरचं विणकाम बघून आपण नमुन्यात कुठे आहोत हे ओळखणं, चूक दोन ओळी खाली दिसली तर न उसवता सावरणं, चारी बाजूंच्या पट्ट्या कोपऱ्यात एकमेकींना न ओढता मिळवणं आणि शेवटी ओली शाल ताणून तिला रूप देणं. या गोष्टी व्हिडिओ बघून येत नाहीत, कारण व्हिडिओतल्या बाईला तुमच्या सुईवर काय झालंय ते दिसत नाही. कार्यशाळेचे पैसे त्यासाठी द्यायचे. मी आजवर ज्या वर्गांत बसले आणि जे घेतले, त्यांत सगळ्यात वाया गेलेला वेळ म्हणजे निम्मा वर्ग टाके घालण्यात आणि ‘धागा पुढे म्हणजे नक्की कुठून?’ यात गेलेला.

म्हणून आधी घरची तयारी.

ओल्ड शेल नावाचा नमुना घ्या. शेटलंडचा हा सगळ्यांत ओळखीचा, लाटांसारखा नमुना. 18 टाक्यांचा घास (घास म्हणजे ओळीत पुन्हा पुन्हा येणारा नमुन्याचा तुकडा), चार ओळींची पुनरावृत्ती. 60 टाके घाला: तीन घास म्हणजे 54, आणि दोन्ही कडांना तीन-तीन साधे. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट (कडेचे तीन-तीन मात्र कायम सुलट). तिसऱ्या ओळीत खरा खेळ: तीनदा दोनाचा एक, मग सहादा ‘धागा पुढे, एक सुलट’, मग पुन्हा तीनदा दोनाचा एक. चौथी ओळ सगळी सुलट, तिने आडवी उंचवट्याची रेघ पडते. हिशेब बघा: तीन अधिक तीन, सहा टाके कमी झाले आणि धागा पुढे घेऊन सहा वाढले. म्हणजे तिसऱ्या ओळीनंतर प्रत्येक घासात पुन्हा 18 च. नसतील तर चूक तिथेच आहे, आणि पुढे जायच्या आधीच ती सापडली.

हा नमुना मी मुद्दाम सांगते, कारण तो कापड कसं वागतं ते उघड दाखवतो. वाढवलेले टाके एका जागी जमले की कापडाला तिथे पसरायला जागा होते, कमी केलेले एका जागी जमले की ते आवळतं, आणि त्या ओढाताणीतून सरळ घातलेली कड आपोआप नागमोडी होते. एकदा हे डोळ्यांना कळलं की लेसच्या कुठल्याही नमुन्याकडे बघून तुम्ही म्हणू शकता, इथे वाढ आहे, तिची भरपाई तिथे आहे. पारंपरिक लेस म्हणजे भोकं आणि त्यांची भरपाई. भरपाई भोकाच्या शेजारी ठेवायची, चार टाके लांब ठेवायची की पुढच्या ओळीत, एवढ्यावर पंजा, पिसं, लाट, घोड्याची नाल असे सगळे नमुने निघतात.

दुसरा तुकडा विणाल तो सगळा सुलट-सुलट विणा, दोन्ही बाजूंनी. आपल्याकडे सवय असते सुलट ओळ, उलट ओळ अशी, कारण स्वेटरचं अंग तसं असतं. शेटलंडच्या जुन्या शालींचं अंग मात्र बहुतेक करून दोन्ही बाजूंनी सुलट विणलेलं. त्याचे फायदे दोन. कापड कडेला गुंडाळत नाही, आणि शाल दोन्ही बाजूंनी पांघरता येते. तोटा एकच: तक्ता, म्हणजे चौकटींवर खुणांनी मांडलेला नमुना, वाचताना डोकं फिरतं. परतीची ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची आणि तीही सुलटच विणायची. शिवाय बारीक कामाच्या कित्येक नमुन्यांत जाळी दोन्ही बाजूंच्या ओळींत असते, परतीची ओळ विश्रांतीची नसते. हे पहिल्यांदा वर्गात कळलं तर तीन तास त्यातच जातात. घरी एकदा चिडून घ्या.

तिसरी तयारी चुकांची. विणताना धागा पुढे घ्यायचा राहिला आणि पुढच्या ओळीत कळलं, तर उसवू नका. जिथे भोक हवं होतं तिथल्या दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईने उचला आणि विणा, झालं. भोक किंचित लहान दिसेल, धुऊन ताणल्यावर दिसणारही नाही. गळलेला टाका जाळीतून सरळ खाली पळत सुटतो, तो कसा पकडायचा हे मुद्दाम टाका सोडून शिका. आणि लाइफलाइन घालायची सवय लावा: दर आठ-दहा ओळींनी, शक्यतो साध्या ओळीत, सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून बारीक, गुळगुळीत सुती दोरा ओवायचा. मोठी चूक झाली तर तिथपर्यंत बिनधास्त उसवता येतं. दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, पण रंग जाणारा नको. पांढऱ्या शालीत लाल दोऱ्याची आठवण कायमची राहते.

लोकर ही नाशिककरांची खरी अडचण. आपल्या दुकानांतून ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक. टाके, तक्ता, चुका सावरणं या सरावाला ते चालेल. पण ताणून वाळवण्याच्या सरावाला चालणार नाही. खरी लोकर ओली झाली की सैल होते, ताणून वाळवली की त्या आकारात राहते. ॲक्रिलिक वाळलं की पुन्हा गोळा होतं, आणि गरम वाफ दिली तर बसतं खरं, पण लुळं पडतं आणि मूळ पदावर येत नाही. मेरिनो लोकरीच्या बारीक लडी भारतातलेही काही छोटे रंगारी विकतात. एक लड घ्या, महाग वाटली तरी. फिका, एकरंगी रंग घ्या. गडद निळ्या किंवा काळ्या लोकरीवर लेस शिकणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, आणि बहुरंगी लोकरीत नमुना हरवतो.

सुया टोकदार हव्यात. बोथट सुईने तिनाचा एक करताना धागा फाकतो. लेसच्या दोन पदरी धाग्याला साधारण साडेतीन-चार मिलिमीटरच्या सुया, कोळ्याच्या जाळ्यासारख्या एकपदरीला दोन-तीनच्या. धातूच्या सुयांवरून टाके सहज निसटतात, म्हणून सुरुवातीला लाकडी किंवा बांबूच्या बऱ्या. विमानात त्या चेक-इनच्या सामानात टाका, सुरक्षा तपासणीशी वाद घालत बसण्यापेक्षा बरं.

आता वूल वीक. 2010 पासून दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेटलंडमध्ये हा सोहळा भरतो. बेटांची लोकसंख्या साधारण 23 हजार, आणि त्या आठवड्यात जगभरच्या विणकऱ्या तिथे उतरतात. राहायला जागा मिळणं हेच पहिलं काम. वर्ग ठरायच्या कितीतरी आधी खोली धरून ठेवा, आणि बोटीतला बिछानाही. प्रत्येक वर्षी एक मानकरी नेमतात आणि त्याने किंवा तिने रचलेल्या टोपीचा नमुना आधी प्रसिद्ध होतो. लोक ती टोपी विणून, घालूनच येतात, ओळख नसतानाही गप्पा सुरू होतात. तुम्हीही विणा, स्वेटरवाल्या हाताला ते जड नाही.

पण एक लक्षात ठेवा. ती टोपी बहुतेकदा रंगीत नक्षीची, फेअर आयल पद्धतीची असते, आणि वर्गांतही त्या रंगकामाचाच भरणा मोठा असतो. लेसचे वर्ग त्यामानाने थोडे आणि लगेच भरणारे. यादी जाहीर झाली की पहिल्या दिवशीच बसून नोंदणी करा, वेळेतला फरक ध्यानात ठेवून. लेसचा मिळाला नाही म्हणून रंगकामाचा घ्यायचा, असं करू नका. त्यापेक्षा तो वेळ संग्रहालयात घालवा, त्याविषयी खाली सांगते.

वर्ग निवडताना वर्णनात काय बघायचं? ‘एका दिवसात शाल’ असं कुणी म्हणत असेल तर सोडा. मी पहिली पसंती देईन कडेच्या लेसच्या वर्गाला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कड आडवी विणतात आणि विणता विणताच शालीच्या अंगाला जोडत जातात. कडेच्या दर दोन ओळींमागे शालीचा एक टाका संपतो. कोपऱ्यावर हा हिशेब बदलावा लागतो, नाहीतर कोपरा आत ओढला जातो, आणि हे कुणीतरी शेजारी बसून दाखवलं की दहा मिनिटांत समजतं. दुसरी पसंती हॅपच्या बांधणीच्या वर्गाला. हॅप म्हणजे तिथली रोजच्या वापराची जाडसर शाल: मध्ये साधा सुलट चौकोन, भोवती ओल्ड शेलच्या पट्ट्या, त्यांत पांढऱ्यापासून मूरिट म्हणजे तांबूस तपकिरीपर्यंत मेंढीचेच रंग पायरी-पायरीने, आणि बाहेर दातेरी कड. जुनी पद्धत कडेपासून आत येण्याची होती. आजकाल पुष्कळ वर्गांत मधल्या चौकोनापासून बाहेर जातात, कारण शिकणाऱ्याला ते सोपं. दोन्ही चालतात. पण शिक्षिकेला विचारा की जुनी पद्धत तोंडी तरी समजावून देणार का. अंगठीतून जाणाऱ्या शालीचा वर्ग सध्या नको. तो धागा हाताळायला हात अजून वर्षभराने तयार होईल. तिथल्या गिरणीचा एकपदरी लेसचा धागा 25 ग्रॅममध्ये जवळपास 400 मीटर भरतो, यावरून अंदाज घ्या.

नोंदणी करण्याआधी दोन गोष्टी विचाराच. वर्गात किती जणी? बारापेक्षा जास्त असतील तर शिक्षिका तुमच्या सुईपर्यंत दोनदाच पोहोचेल. आणि गृहपाठ आहे का? गृहपाठ सांगणारी शिक्षिका जवळपास नेहमीच चांगली. तिने ‘अमुक टाके घालून चार ओळी विणून आणा’ म्हटलं असेल तर ते करूनच जा. एक जण न करता आली की सगळ्यांचा अर्धा तास जातो, आणि ती एक जण आपण असू नये.

विणण्याच्या पट्ट्याविषयी एक शब्द. शेटलंडच्या बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधतात, त्याला घोड्याच्या केसांनी भरलेली लांबट गादी असते, गादीला भोकं. उजवी सुई त्या भोकात खोचली की तिचा भार हातावर राहत नाही आणि बोटं फक्त धागा फेकायचं काम करतात. वेग थक्क करणारा. जुन्या छायाचित्रांत पाठीवर पीटची, म्हणजे जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणणाऱ्या बायका दिसतात त्या याच पट्ट्याच्या जोरावर. पट्ट्याचा वेगळा वर्ग असेल आणि जमलं तर मजा म्हणून जा. पण लेसच्या वर्गात पट्टा पहिल्यांदा बांधून बसू नका. दोन नव्या सवयी एकाच वेळी हाताला लावल्या की एकही लागत नाही.

मला स्वतःला वर्गांपेक्षाही जास्त मिळालं ते बैठकांतून. तिथे विणकामाला ‘मॅकिन’ म्हणतात, सुयांना ‘वायर्स’, आणि विणत विणत गप्पा मारायच्या बैठकीला ‘मॅकिन ॲन्ड यॅकिन’. वर्गात शिक्षिका तीन तासांत ठरलेलं शिकवते. बैठकीत एखादी आजी शेजारी बसते, आपल्या हाताकडे बघते आणि न विचारता सांगते की धागा डाव्या करंगळीला एक वेढा दे. बारीक धाग्याचा ताण सारखा राहण्याचं सगळं रहस्य तेवढ्यात असतं. अशा ठिकाणी पोचायचं तर हातात काम हवं. नुसतं बघायला आलेल्या पाहुणीशी लोक सभ्यपणे बोलतात. विणणाऱ्या बाईकडे वाकून बघतात. सोबत नेताना अवघड तुकडा नेऊ नका, बोलता बोलता विणता येईल असा न्या, ओल्ड शेलच न्या. तो सगळ्यांच्या ओळखीचा, त्यावर मत नाही अशी बाई तिथे नाही.

रविवारचा चहा चुकवू नका. गावोगावच्या सार्वजनिक हॉलमध्ये ‘संडे टीज’ असतात. गावच्या बायकांनी केलेले केक, सँडविच, चहा, ठरावीक पैसे, आणि जमा झालेली रक्कम हॉलला किंवा एखाद्या चांगल्या कामाला. वूल वीकच्या काळात अनेक हॉल हे ठेवतात. लांब टेबलांवर अनोळखी लोकांशेजारीच बसावं लागतं, आणि तेच हवं असतं. शाकाहारी असाल तर केकवर भागेल, आधी विचारून घ्या. तिथली बोली पहिल्या दिवशी कळत नाही. ‘पीरी’ म्हणजे लहान, हा एक शब्द ठाऊक असला तरी बरंच निभावतं. लाजू नका, ‘पुन्हा सांगा’ म्हटलेलं कुणाला खटकत नाही.

फोटोंचं मात्र जपून. कुणाच्या अंगावरची शाल आवडली तर आधी विचारा, मग फोटो. काही नमुने घराण्यातून चालत आलेले असतात आणि ते कुणाच्या तरी फोनमध्ये जाऊन तिसरीकडे विक्रीला लागलेले त्या लोकांनी पाहिले आहेत. वर्गात मिळालेला छापील नमुना परत आल्यावर मैत्रिणींना झेरॉक्स करून वाटू नका. हे आपल्याकडे सहज होतं म्हणून स्पष्ट सांगते. त्यांना विकत घ्यायला सांगा.

आणि घासाघीस नको. त्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात शेटलंडच्या विणकऱ्यांना व्यापारी पैसे देत नसत. शाल दुकानात द्यायची आणि बदल्यात चहा, कापड, असलं सामान घ्यायचं, तेही दुकानदार सांगेल त्या भावाने. रोख मागितली तर नाही. या पद्धतीची सरकारी चौकशी झाली आणि 1872 मध्ये तिचा अहवाल आला. त्यात विणकऱ्या बायकांच्या साक्षी आहेत. राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे बारीक मोजे भेट देऊन या कामाला दरबारी प्रतिष्ठा मिळवून देणारा आर्थर अँडरसन शेटलंडचाच, पी अँड ओ या जहाज कंपनीचा एक संस्थापक. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात शेटलंडच्या शाली मांडल्या गेल्या. नाव झालं, मागणी वाढली आणि विणणारीच्या हातात चहाची पुडी आली. हे ठाऊक असलं की हॉलमधल्या टेबलावर ठेवलेल्या शालीची किंमत ऐकून भुवया वर जात नाहीत.

संग्रहालयांचं सांगते म्हटलं होतं. लर्विकला हेज डॉकवर शेटलंड म्युझियम आहे, तिथलं वस्त्रदालन सावकाश बघा. लर्विकच्या कडेला बॉड ऑफ ग्रेमिस्टा हे अँडरसनचं जन्मघर, त्यात कापड-विणकामाचं छोटं संग्रहालय आहे. सगळ्यांत बारीक लेस बघायची तर अन्स्ट बेटावर हॅरल्ड्सविकच्या हेरिटेज सेंटरला जायला हवं. अन्स्ट हे ब्रिटनचं सगळ्यांत उत्तरेकडचं वस्तीचं बेट आणि बारीक लेसचं माहेर. वाटेत येल बेट ओलांडायचं, दोन छोट्या बोटी बदलायच्या, अख्खा दिवस मोडतो. ही केंद्रं मोसमी असतात, उघडी आहेत का ते आधी बघून निघा. काचेपलीकडच्या शालीसमोर उभं राहून एक करा: भोकं मोजा. एका घासात किती वाढ, भरपाई कुठे. दहा मिनिटं असं बघितलं की घरचा सराव अचानक कामाला येतो. त्या धाग्यासाठी मेंढीच्या मानेजवळची लोकर कातरत नसत, उन्हाळ्याच्या तोंडाला ती आपोआप सुटू लागली की हाताने उपटून घेत आणि घरीच कातत. कातरलेला केस टोकाला बोचरा होतो, उपटलेला नाही. कुठे हातकताईचं प्रात्यक्षिक असेल तर थांबून बघा. धागा कळला की जाळी कळायला सोपी जाते.

एखादा वर्ग शाल ताणण्याचा, ज्याला तिथे ‘ड्रेसिंग’ म्हणतात, त्याचा मिळाला तर बाकी सगळं सोडून तो घ्या. सुईवरून उतरलेली लेस ही चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते आणि नवशिक्या बायका तिथेच हिरमुसतात. पूर्वी शेटलंडमध्ये शाली ताणून देणाऱ्या बायका वेगळ्या असत, ते स्वतंत्र कसब होतं. लाकडी चौकट, तिच्या कडांना खुंट्या, कडेच्या एकेक दात्यातून दोरा ओवून शाल चारी बाजूंनी सारखी ओढायची. घरी हे गादीवर टाचण्यांनी होतं: कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग आधी चार कोपरे, मग बाजूंचे मध्य, मग उरलेले दाते, समोरासमोरचे जोडीने. पूर्ण वाळल्याशिवाय टाचणी काढायची नाही. किती ओढायचं हे मात्र हाताला कळावं लागतं, आणि तो अंदाज दुसऱ्याच्या हातावर हात ठेवून लवकर येतो.

बायका मला विचारतात, शेटलंड की एस्टोनिया? हाप्सालू या एस्टोनियातल्या समुद्रकाठच्या गावची शालही अंगठीतून जाते, तीही तितकीच सुंदर. पण तिचं व्याकरण निराळं: अंग सुलट-उलट, नमुन्यात ‘नुप’ नावाच्या फुगीर गाठी, एकाच टाक्यातून पाच, सात, नऊ टाके काढून पुढच्या ओळीत सगळ्यांचा एक करायचा. कड वेगळी विणून शिवतात. तिथे लेसचं वेगळं केंद्रही आहे. पुढे कधीतरी जा. एकाच वर्षी दोन्ही शिकू नका, कोपरे आणि कडांचे हिशेब डोक्यात मिसळतात. या वेळी लेक ॲबर्डीनला आहे, तर शेटलंडच.

परत आल्यावर काय? पहिल्या पंधरवड्यातच चार-पाच जणींचा गट जमवा, भिशीसारखा पाळीपाळीने एकेकीच्या घरी. सगळ्यांनी एकच नमुना, तेवढेच टाके, त्याच जातीचा धागा घ्यायचा. वेगवेगळं विणत बसलात तर गप्पा होतील, शिकणं होणार नाही. मी माझ्या गटांत एक खेळ हमखास ठेवते: प्रत्येकीने आपल्या तुकड्यात मुद्दाम एक चूक करायची, टाका सोडायचा किंवा एक भोक गाळायचं, आणि तुकडा डावीकडच्या बाईला द्यायचा. तिने चूक शोधायची आणि न उसवता दुरुस्त करायची. पहिल्या वेळी रडारड होते. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत बायका दुसरीच्या सुईकडे लांबून बघून ‘तुझी ही ओळ हुकली’ सांगतात. दुसरं, एकीने तक्ता मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी तक्ता न बघता विणायचं. आठवड्यातून एकदा दोन तास पुरेत, पण खाडा नको. खाण्याचा बेत विणकाम संपल्यावर ठेवा. चकलीचं तेल लागलेली बोटं आणि पांढरा धागा यांचं जमत नाही.

नाशिकच्या पावसाळ्यात खऱ्या लोकरीला कसर लागते, हे शेटलंडला कुणी सांगणार नाही. शाल धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढून झटका आणि सावलीत हवा द्या. घामाचा, अत्तराचा वास असलेल्या लोकरीला कसर आधी लागते, म्हणून न धुता कधीच ठेवू नका.

राहिली लोकरीची खरेदी. लर्विकला गेल्यावर भान सुटतं, सगळ्यांचंच. वर्गात कळलेल्या एका हॅपपुरतीच घ्या, किती लागेल ते शिक्षिकेला विचारून. तिथला लेसचा दोन पदरी धागा 25 ग्रॅमच्या गुंड्यात 169 मीटर असतो, हॅपसाठी वापरतात तो जाड दोन पदरी 115 मीटर. नमुन्यात मीटर दिलेले असतील तर भागाकार करून घ्या. नुसते ग्रॅम बघून घेतलंत तर फसाल. एका रंगाच्या सगळ्या गुंड्यांवरचा लॉट क्रमांक एकच आहे ना ते तपासा आणि मुख्य रंगाचा एक गुंडा जास्त घ्या. कमी पडला तर त्याच लॉटचा गुंडा मुंबईतही मिळणार नाही, आणि शेटलंडहून मागवलात तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून तो मूळ किमतीच्या कितीतरी वर जाईल.